ठिपक्यातला मुक्काम

आई गेली आणि खिडकीजवळची तिची खुर्ची रिकामी झाली, त्याच वर्षी माझी भावजय त्या खुर्चीत बसायला लागली. आमच्या घरात ते वर्ष अजून आईचं वर्ष म्हणूनच ओळखलं जातं. कुणी विचारलं तर आधी आई आठवायची आणि मग आकडा शोधायचा. आई नव्वदीला टेकली होती, सगळ्यांशी भांडून झालं होतं, तिचं जाणं कुणाच्या अंगावर आलं नाही. खुर्ची मात्र आली. बरेच दिवस तिच्यावर कुणी बसेना, झोपलेल्या माणसाला वळसा घालावा तसे आम्ही बाजूनं जायचो. आम्ही म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. धाकटा माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. त्याची पन्नाशी उलटून गेलेली, केस पिकलेले, पण माझ्या तोंडी तो धाकटाच. त्याची बायको मोठ्या तरण तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. ह्या काठावरून हाक मारली की त्या काठावरचं पोर पाय हलवायला लागायचं, असा आवाज. आई गेल्यानंतर थोड्याच दिवसांत ती एकदा तलावावरून आली आणि आमच्या जिन्यात मध्येच खाली बसली. चप्पल काढायला बसली असेल असं मला वाटलं. ती वर बघून म्हणाली, "ताई, आपला जिना कुणी वाढवला का हो?" डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हृदय पसरलंय, ताणून ताणून सैल झालंय, अंगात पाणी साठू द्यायचं नाही. "पाण्यात जन्म काढला आणि आता पाण्याशीच वैर," ती म्हणाली, आणि डॉक्टरसुद्धा हसले. गोळ्या सुरू झाल्या. पोहणं बंद, जिना बंद, आणि खिडकीजवळची खुर्ची तिची झाली.

त्या वर्षीच्या थंडीत एका दुपारी धाकटा चष्मा घरी विसरून प्रयोगशाळेत गेला. जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या भांड्याला टेकून ठेवलेला. भावजय म्हणाली, "जा ताई, देऊन या. नाहीतर दुसऱ्याच्या पेशी आपल्या समजून मोजत बसेल." मला बाहेर पडायला एवढं निमित्त पुरतं. मी चपला घालत होते तेव्हा ती खुर्चीतून उठून आतल्या खोलीकडे गेली. खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. त्या दिवसांत तो आवाज आला की मला बरंच वाटायचं.

धाकट्याची प्रयोगशाळा बाहेरून शाळेसारखी दिसते आणि आतून दवाखान्यासारखी वास मारते. त्याच्या खोलीच्या दारावर लाल दिवा असतो. दिवा लागलेला असला की आत जायचं नाही, आत उजेड घुसला की काम बिघडतं. मी दिव्याखाली उभी राहिले. थोड्या वेळानं दिवा गेला आणि आतून आवाज आला, "ये ताई, टेकू नकोस." हे तो नेहमीच म्हणतो. मधलं मोठं टेबल हवेवर तोललेलं असतं, रस्त्यावरून गाडी गेली तरी ते हलू नये म्हणून. आत काळे जाड पडदे, पंख्यांची एकसुरी घरघर, आणि थंडी अशी की बाहेरची थंडी उबदार वाटावी. संगणकाच्या पडद्यावर एक हिरवी रेषा थरथरत होती. मी चष्मा पुढे केला. त्यानं तो घेतला, खिशात ठेवला आणि पुन्हा रेषेकडे बघत बसला. चष्मा न लावता. मला पहिल्यांदा खटकलं ते हेच.

घरात तीन महिने त्या रेषेचं कौतुक चाललेलं होतं. जेवताना त्यानं आम्हांला ते इतक्या वेळा समजावलं होतं की भावजयीला त्याची नक्कल पाठ झाली होती. ती वाटी पुढे ओढायची, भाजीवरच्या तेलाच्या तवंगाकडे चमच्यानं बोट दाखवायची आणि त्याच्या आवाजात सुरू व्हायची, "हं, तर मंडळी, ही हृदयाची एक पेशी. तिच्याभोवती असा पातळ पडदा. ह्या पडद्यात ग्राही नावाची प्रथिनं तरंगत असतात. बाहेरून निरोप आला की ती पकडतात आणि आत कळवतात. म्हणजे घरातल्या ताईच." मग तो तिच्या हातातला चमचा काढून घ्यायचा आणि पुढचं स्वतः सांगायचा. ही प्रथिनं इतकी बारीक की कुठल्याच भिंगातून दिसत नाहीत. म्हणून त्यांना चमकणारा रंग बांधायचा. मग पेशीच्या पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढ्या जागेवर लेसरचा उजेड टाकायचा आणि दबा धरून बसायचं. कुणाच्या मागे धावायचं नाही. एखादं ग्राही त्या ठिपक्यात शिरलं की चमकतं, बाहेर पडलं की चमक जाते. त्या चमकण्याच्या थरथरीवरून एक ग्राही ठिपक्यात किती वेळ राहतं ते काढता येतं. ह्याला तो मुक्काम म्हणायचा. मोकळं असेल तर मुक्काम थोडा. अडकलेलं असेल, चारचौघांत चिकटून बसलेलं असेल, तर मुक्काम लांबतो. थकलेल्या हृदयाच्या पेशींवर मुक्काम लांबलेला असतो, असं त्याचं म्हणणं. आणि एक नवं औषध त्या पेशींवर घातलं की मुक्काम निम्म्यावर यायचा. अडकलेले मोकळे होत होते. ते सापडलं त्या संध्याकाळी तो जिना धावत चढला होता. भावजय म्हणाली होती, "सावकाश. तुझं औषध मला मिळायच्या आधी तुलाच लागेल."

"उलटं निघालं," तो आता अंधारात म्हणाला.

"काय उलटं?"

"सगळंच. औषधाच्या पेशी अंधुक दिसायच्या, म्हणून मी उजेड वाढवला होता. फक्त त्यांच्यावरचा. पहिल्यापासून. आज लेसर कुरकुर करत होता म्हणून उजेड कमी ठेवून बसलो. सहज. आणि मुक्काम वाढला. आणखी कमी केला, आणखी वाढला."

"मग?"

"मग ते ठिपक्यातून जातच नव्हते, ताई. तिथंच बसून होते. माझ्या उजेडानं बसल्या जागी त्यांचा रंग जळत होता. रंग विझला की दिसत नाही. दिसलं नाही की मशीन धरून चालतं, गेलं. मीही धरून चाललो. गेलं, सुटलं, पळालं."

"म्हणजे औषधानं काहीच केलं नाही?"

"केलं ना. आणखी घट्ट बसवलं." तो हसला, नाकातल्या नाकात. "उजेड बदलून बघायचा, हे मी पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. ओरडून शिकवतो."

मी धुलाईच्या दुकानात कामाला होते ते दिवस मला आठवले. रंगीत कपडा वाळत घालायचा तर उलटा करून, नाहीतर ऊन रंग खातं. मी तसं म्हणाले. तो एरवी म्हणाला असता, ताईनं पाच शब्दांत सांगितलं, मला पाच पानं लागली असती. आज त्यानं रेषेवरची नजर न काढता विचारलं, "ती काय करतेय?"

"कोण?"

"घरी. ती."

"खुर्चीत होती. मी निघाले तेव्हा उठून आत गेली."

"उठून गेली ना?" तो म्हणाला. "चांगलं आहे." हे दोन शब्द त्यानं असे टाकले, जसं अंधारात माणूस पुढे पायरी आहे की नाही ते पायानं चाचपतो. मी त्याच्याकडे बघितलं. पडद्याचा हिरवा उजेड त्याच्या एका गालावर होता, दुसरा गाल नव्हताच. त्यानं खिशातून चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला. "तू जा घरी," तो म्हणाला. "मी हे बंद करून येतो."

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही डोळ्यांत शिरत नव्हतं. त्या हिरव्या थरथरीचा आमच्या घराशी संबंध जोडायचा नाही, असं मी मनाशी म्हणत होते. तो त्याचा धंदा आहे, त्या पेशी आहेत, ते लेसर आहे. पण मन चिखलातल्या चाकासारखं त्याच खड्ड्यात. भावजय खुर्चीत बसायला लागल्यावर धाकट्यानं छतातला जुना पिवळा दिवा काढून मोठा पांढरा बसवला होता, बरोबर खुर्चीच्या वर. डॉक्टरांनी सांगितलं होतं ओठांचा रंग बघत जा, पायांची सूज बघत जा, म्हणून. जेवणाच्या टेबलाशी त्यानं आपली जागा बदलली, आईची जुनी जागा घेतली, तिथून खुर्ची समोर दिसते. जेवताना घास हातात धरून तो तिच्याकडे बघत राहायचा. "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "तू बघायचं थांबलास की होईन." आम्ही हसायचो. पहिले दिवस ती त्या दिव्याखाली संध्याकाळभर बसायची. मग जेवणं उरकेपर्यंत. मग ताटं मांडेपर्यंत. "जरा आतलं बघून येते," म्हणून उठायची. खुर्चीचे पाय घासायचे. स्वयंपाकघरात माझे हात ओले असायचे आणि मी कानांनी हिशेब ठेवायची की उठली, चालली, आज तीनदा उठली. धाकटा माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. एकदा तो हळूच म्हणालाही, "ताई, हिचाही मुक्काम कमी झालाय बघ." आणि मला तो शब्द आवडला होता. मीसुद्धा तो मनात वापरला होता. आतलं बघून येते. आत होतं काय बघायला? आतल्या खोलीत एक पलंग आणि कपड्यांचं कपाट. बसमधल्या कुणीतरी खिडकी लोटली, गार वारा मानेवर आला, आणि मला वाटलं, उठल्याचे आवाज मी मोजले, परत येऊन बसल्याचे कधी मोजले?

माणसाच्या डोक्यात कोणत्या वेळी काय येईल सांगता येत नाही. मला तिथं अक्षरं आठवली. मी पंचविशी उलटल्यावर अक्षरं शिकले, तीसुद्धा ह्याच धाकट्याकडून. तो चौथीत होता. दिवसभर मी धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची, संध्याकाळी तो त्याचं पहिलीचं जुनं पुस्तक माझ्यापुढे टाकायचा आणि मास्तर व्हायचा. मी एकेका अक्षरावर बोट रोवून बसायची. हलायला भ्यायची, हललं तर हरवेल म्हणून. चौथ्या अक्षराशी पोचेपर्यंत पहिलं विझून गेलेलं असायचं, शब्द काही व्हायचाच नाही. आणि तो चिडून म्हणायचा, "ताई, बोट उचल. बोटाखाली अक्षर दिसत नाही." तेवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं. बोट उचललं आणि शब्द दिसला. शब्द होता 'घर' की 'मगर', आता आठवत नाही. पण ते उचललेलं बोट आठवतं, त्याच्या टोकाला इस्त्रीचा जुना चटका होता. इस्त्रीचंही तेच. फिरती ठेवली की कापड सरळ होतं, एका जागी टेकली की वास येतो, आणि वास आला म्हणजे झालेलं असतं.

आणि तिचं बोलणं. एवढी बोलकी बाई, पंधरा दिवसांपासून तुटक बोलत होती. "हो." "नको." "तुम्ही खा." मला वाटलं, चिडचिड झाली आहे, घरात बसून माणूस आंबतोच. एक दिवस तर मी मनात धरूनही बसले होते, की मी एवढं करते आणि ही दोन शब्द नीट बोलत नाही. पण मला ठाऊक होतं ना, ती काय शिकवायची ते. लग्न ठरलं तेव्हा धाकट्यानंच सांगितलं होतं. तिशीला आला तरी ह्याला पाण्याची भीती. तलावावर लहान मुलांच्या रांगेत हा एकटा दाढीवाला. तिनं पहिल्या दिवशी ह्याला अरे-तुरे केलं, म्हणाली, "पाण्यात अहो-जाहो केलं तर माणूस बुडतो." आणि पोहायच्या आधी ती फक्त श्वास शिकवायची. तोंड किती उघडायचं, हवा कशी चोरून घ्यायची की पाण्याला कळू नये. हवा चोरून घ्यायची. तिला चारचौघांत धाप लपवायला कुणी शिकवायला नको होतं. एक शब्द, एक चोरटा श्वास. "तुम्ही. खा." मी माझ्या थांब्याच्या आधीच उठून उभी राहिले. पुढच्या सीटवरची बाई म्हणाली, "बसा की आजी, अजून लांब आहे." मी बसले नाही.

दार मी किल्लीनं उघडलं. बाहेर अजून उजेड होता, पण घरात संध्याकाळ झाली होती. खुर्ची रिकामी. वरचा पांढरा दिवा जळत होता, रिकाम्या खुर्चीवर, एकही सावली पडू न देता. मी चपलांसकट आतल्या खोलीपाशी गेले. दार ढकलल्यावर मला पलंगावर कुणी आडवं दिसलं नाही. मग डोळे सरावले. घरातल्या सगळ्या रजया, आईच्या जुन्या गोधड्या, दिवाणावरचे तक्के, थंडीसाठी काढून ठेवलेलं सगळं, भिंतीला लावून उतरंडीसारखं रचलं होतं, आणि त्याला टेकून ती बसली होती. बसल्या बसल्या डोकं मागे टाकून. आडवं पडता येत नव्हतं म्हणून. मी बटणाकडे हात नेला.

"लाइट नको. ताई."

मी हात खाली घेतला आणि पलंगाच्या कडेला बसले. अंधारात तिचा श्वास ऐकू येत होता. उजेडात कधी ऐकू आला नव्हता. पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा, पण वर येणं संपत नव्हतं. मी तिच्या पायांवर हात ठेवला. पायांत मोजे, त्यावर मोज्यांचा आणखी एक जोड. बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"विचारू नका." मग थोड्या वेळानं, "चष्मा दिलात?"

"दिला."

"लावला त्यानं?"

"नाही."

ती हसली. हसण्याला लागेल एवढीही हवा तिच्याकडे नव्हती, पण हसली. अंधारात ती जास्त बोलली, दिव्याखाली बोलायची त्याच्या दुप्पट, मध्ये मध्ये थांबून. तिला थांबायला लाज वाटत नव्हती, कारण बघणारं कुणी नव्हतं. "तिथं बसलं की. तो बघतो. तो बघतो ना ताई, तेव्हा मला बरं असावं लागतं. ओठ चावून लाल करते मी. थोडा वेळ जमतं. मग नाही जमत. मग इकडे येते."

"अगं पण सांगायचं ना वहिनी, मला तरी."

"काय सांगू? जिना धावत चढला होता तो. म्हणाला, सुटले. सगळे सुटले. असं तोंड त्याचं. तलावात पहिल्यांदा हात सोडला ना मी त्याचा, तेव्हा बघितलं होतं. त्यानंतर तेव्हाच." ती थांबली. श्वास घेतला, लपवला नाही. "आणि डॉक्टर म्हणाले होते. गोळ्यांनी उतरलं नाही तर भरती व्हायचं. आईंना बघितलंय मी तिथं. दिवसरात्र दिवे. डोळ्यांवर टॉवेल टाकत होत्या, तो काढून घेतला. मला नाही जायचं तिथं. तुम्ही चपला घालून आलात आत."

मी चपला काढल्या. त्या हातात घेऊन मी बराच वेळ बसले, कुठं ठेवाव्यात ते सुचेना. मला तिला काही सांगायचं होतं, रंग जळतो, विझलेलं दिसत नाही, गेलं असं वाटतं. तोंडाशी आलं आणि मी गिळलं. तिला ते सगळं ठाऊक होतं, प्रयोगशाळेत पाय न ठेवता. मी एवढंच म्हणाले, "त्याचं ते औषध उलटं निघालं. सुटत नव्हते ते, तिथंच बसून होते."

ती म्हणाली, "बिचारा."

धाकटा आला तेव्हा मी दारात उभीच होते. मी सांगायच्या आधी त्यानं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या चपलांकडे. तो जिना सावकाश चढून आला होता, तरी धापत होता. "आत?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. तो आत गेला नाही. आधी त्यानं खुर्ची बाजूला ओढली, जेवणाचं स्टूल आणलं, त्यावर चढला आणि वरचा दिवा पिळून काढला. तापलेला होता. हात पोळला असणार, पण त्यानं सोडला नाही, पूर्ण सहा-सात वळसे फिरवून हातात घेतला. घर अचानक मऊ झालं. आत गेल्यावर तो तिला काय म्हणाला ते मी ऐकलं नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. नळ बंद केला तेव्हा तिचा आवाज आला, "रडायचं असेल तर. नाक बंद करून रड. शिकवलंय तुला." आणि त्याच्या हसण्याचा की कशाचा आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भरती केलं. ती खुर्चीत बसून जिना उतरली, त्याच खुर्चीत, शेजारच्या दोघांनी उचललेल्या. "पालखी निघाली बघा," म्हणाली. डॉक्टरांनी धाकट्याला फार काही ऐकवलं नाही, एवढंच विचारलं, "रोज बघत होतात ना?" त्यावर तो हो म्हणाला. त्यांनी सुईवाटे औषधं दिली, पाणी उतरवलं, ती निम्मी झाली, मनगटाची हाडं वर आली. हृदय मात्र जिथं होतं तिथून मागे आलं नाही. थोडं आधी आणलं असतं तर, असं ते म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडलं, कागदावर काहीतरी लिहायला लागले. मी धाकट्याकडे बघितलं नाही. त्या वेळी बघण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं, आणि असलं तरी बघू नये, एवढं मला कळायला लागलं होतं. तिनं हट्ट धरला म्हणून तिला घरी आणलं. मध्ये एक दिवस तो प्रयोगशाळेत जाऊन आला. आपलं चुकलं, उजेड चुकला, असं त्यानं सगळ्यांना कळवून टाकलं. कुणी हसलं, कुणी बरं केलंत म्हणालं. घरी येऊन तो म्हणाला, "संपलं ते." ती म्हणाली, "बरं झालं. आता जेवताना वाटीतलं मला खाऊ देशील."

खुर्चीवर आम्ही दिवा पुन्हा लावला नाही. संध्याकाळी खिडकीतून जेवढा येईल तेवढाच उजेड, मग रस्त्यावरचा. पहिल्या संध्याकाळी ती तिथं बसली, गोधड्या पाठीशी, मोजे न घालता. धाकटा आईच्या जागेवर बसला आणि सवयीनं बघत राहिला. अंधार होता, तरी त्याचं बघणं मला टेबलाच्या पलीकडून जाणवत होतं. तिचा खालचा ओठ दातांखाली गेला. मी ताट ठेवायला आले होते, त्याच्या खांद्याशी वाकले आणि म्हणाले, "बोट उचल."

तो पहिल्यांदा समजला नाही. मग समजला. त्याचं तोंड चौथीतल्या पोरासारखं झालं. त्यानं आपली खुर्ची फिरवली, खिडकीकडे तोंड केलं, तिच्या शेजारी, तिच्याकडे न बघता, दोघं एकाच दिशेला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढत होतं. तिचा श्वास हळूहळू ऐकू यायला लागला, खरा, ओबडधोबड, लपवलेला नाही. तो ऐकत होता. त्या संध्याकाळी ती उठली नाही. जेवणं झाली, भांडी झाली, मी हात पुसून आले तरी ती तिथंच. त्यानंतरही रोज तशीच. फरशीवर खुर्ची घासल्याचा आवाज घरातून गेला, आणि मला पुन्हा कधी तो ऐकायची इच्छा झाली नाही.

आई गेल्याला वर्ष भरायला महिनाभर बाकी होता, तेव्हा एका मंगळवारी उजाडल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असताना, माझी भावजय गेली. धाकटा शेजारी होता.